तंबू पावसात नाही, माळ्यावर खराब होतो

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गारगोटीतल्या आम्ही तीन कुटुंबांनी पाटगावच्या मौनी सागर धरणाजवळ, ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून, त्याच्या शेतात एक रात्र मुक्काम केला. पहाटे धाकटी लेक उठली तर तिची चादर ओली! अम्मींनी लगेच निकाल दिला, "तंबू गळका निघाला, दुकानात परत द्या." पण रात्रभर आभाळ निरभ्र होतं. हात फिरवून पाहिलं, तर कापड आतून ओलं होतं. थंडीच्या भीतीने आम्ही सगळ्या खिडक्या बंद केल्या होत्या. पाच जणांच्या श्वासातली वाफ गार कापडाला लागून तिचे थेंब झाले होते. तंबूचा काही दोष नव्हता.

म्हणून कुटुंबासाठी तंबू घ्यायचा तर दुहेरीच घ्या. आत जाळीची खोली, वर पावसाचं वेगळं कापड आणि दोन्हींच्या मधे हवा खेळायला जागा. वरचा झरोका थंडीतही उघडाच ठेवायचा. लेबलवर 'चार माणसांचा' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ चार जण खांद्याला खांदा लावून झोपतील एवढाच. पिशव्या, पाण्याचा कॅन, मुलांची लोळण धरून चौघांना सहाचा लागतो. कापडावर ३००० मिमी असा आकडा असेल तर चांगलं. तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब ते झेलतं. पण पाणी बहुधा शिवणीतून शिरतं, म्हणून शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते दुकानातच उलटून बघा. फायबरच्या काड्या स्वस्त, पण चिरतात आणि कुसं हातात घुसतात. ॲल्युमिनियमच्या महाग, हलक्या आणि टिकाऊ. आपल्याकडच्या जांभ्याच्या सड्यावर सोबत मिळणाऱ्या बारीक खुंट्या वाकतात. लोखंडी जाड खुंट्या वेगळ्या घ्या, नाहीतर दोर सरळ मोठ्या दगडाला बांधा.

त्या रात्री एकाने कबाबाची शेगडी उबेसाठी आत आणायची गोष्ट काढली होती. निखारे विझत आलेत, काय होतंय, असं त्याचं म्हणणं. हे कधीही करू नका. विझत्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, झोपलेल्याला जागही येत नाही. गॅसची शेगडीसुद्धा बाहेरच. जेवणही आत ठेवू नये, वासाने जनावरं येतात. राधानगरी अभयारण्याच्या बाजूला तर गव्यांचा वावर आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाहीच.

आता देखभाल. आमचा आधीचा तंबू, जवळपास सात हजारांचा, पावसाने नव्हे तर आमच्याच आळसाने गेला. सकाळच्या दवाने ओला असतानाच गुंडाळला, 'उद्या वाळवू' म्हणून माळ्यावर टाकला आणि पावसाळा संपल्यावर काढला. काळे ठिपके, कुबट वास आणि आतला लेप चिकट होऊन पापुद्र्यासारखा सुटलेला. डाग घासून थोडे फिके झाले, लेप मात्र परत येत नाही.

आता घरी आल्या आल्या तंबू गच्चीवर सावलीत, दोन्ही बाजूंनी उलटून वाळवतो. दिवसभर कडक उन्हात टाकत नाही, उन्हाने कापड विरतं. चिखल असेल तर साधं पाणी, सौम्य साबण आणि स्पंज. वॉशिंग मशीन नको, कपड्यांची पावडरही नको. चेनमधली माती जुन्या टूथब्रशने काढायची. आणि कंपनीच्या घट्ट पिशवीत कोंबायचं नाही. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात सैल ठेवायचा, काड्या-खुंट्या वेगळ्या. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतींनाही ओल येते, तेव्हा तो माळ्यावर नाही, कपाटात. मधे उघडीप मिळाली की एकदा उलगडून हवा द्यायची. हे काम आम्ही आता मुलांकडे दिलंय, ते गच्चीवर तंबू उभाच करून टाकतात.