तो मुद्दाम करत नाही

संध्याकाळी पाढे लिहायला बसलेला सात वर्षांचा मुलगा दहा मिनिटांत तीनदा उठतो. एकदा पाणी प्यायला, एकदा गॅलरीतले कबुतर पाहायला. तिसऱ्यांदा का उठला, ते त्यालाही सांगता येत नाही. कंपासपेटी पुन्हा हरवली आहे. डायरीत बाईंचा लाल शेरा. ‘कार्टून बघताना बरा तासभर हलत नाहीस!’ म्हणत आई धपाटा घालते आणि तो झोपल्यावर स्वतःच रडते.

गैरसमज होतो तो या कार्टूनमुळेच. एडीएचडी, म्हणजे अवधानाचा अभाव व अतिचंचलता असलेल्या मुलाला लक्ष हवे तिथे वळवणे आणि टिकवणे जमत नाही. पडद्यावर क्षणाक्षणाला नवे घडते, ते लक्ष आपणच ओढून घेते. पाढ्यांच्या वहीत असे काय असते? यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. ‘याचा बाप तरी कुठे स्वस्थ बसायचा!’ हे आजीचे बोलणे हसण्यावारी नेऊ नये. लाडाने किंवा आईच्या नोकरीमुळे हे होत नाही. मोबाइलच्याही माथी खापर फोडता येत नाही. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांचे वर्णन १९०२ मध्येच केले होते.

अर्थात प्रत्येक खोडकर मूल एडीएचडीचे नसते. लक्षणे बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घरी व शाळेत, दोन्हीकडे अडचण करणारी असावी लागतात. रक्त तपासून वा स्कॅन काढून निदान होत नाही. डॉक्टर पालकांशी बोलतात, शिक्षकांकडून माहिती घेतात, ऐकू नीट येते का, झोप पुरते का, तेही पाहतात. मुली मात्र हमखास नजरेतून सुटतात. खिडकीबाहेर पाहत गप्प बसणाऱ्या मुलीची तक्रार करणार कोण? तिला ‘वेंधळी’ म्हणून मोकळे होतात.

सहा वर्षांखालील मुलांसाठी आधी पालकांनाच वागणुकीचे प्रशिक्षण देतात. त्यापुढे गरज असल्यास मिथाइलफेनिडेटसारखी औषधे देतात. त्यांनी भूक व झोप कमी होऊ शकते, म्हणून वजन-उंचीवर लक्ष ठेवावे लागते. शेजारणीच्या सल्ल्याने ती सुरू किंवा बंद करू नयेत.

घरी एका वेळी एकच सूचना द्यावी. चार ओळी लिहून झाल्या की उठू द्यावे आणि शाबासकी लगेच द्यावी, रविवारपर्यंत राखून ठेवू नये. बाईंना मात्र प्रत्यक्ष भेटावे. पहिल्या बाकावर जागा आणि मधूनच फळा पुसायचे काम, एवढे मागणे डायरीत लिहिण्यापेक्षा समोर बसून सांगितलेले बरे.