कॅमेऱ्याची वायर आणि वायरीची भाषा

लग्नकार्याचे शूटिंग, जलसे-इज्तेमाचे चित्रीकरण, शाळा, मदरसे व शादीखान्यांतील कॅमेऱ्यांची जोडणी अशी कामे करून आपल्या समाजातील अनेक तरुण आपली रोजी कमावीत आहेत. कॅमेरा कोणता घ्यावा, लेन्स कोणती चांगली, हे त्यांना सांगावे लागत नाही. परंतु कॅमेरा दुरून चालविणाऱ्या रिमोटच्या वायरीबाबत मात्र पुष्कळ गोंधळ दिसून येतो. पिन बसली म्हणजे काम झाले, असे धरून माल घेतला जातो आणि कार्यक्रमाच्या दिवशी कॅमेरा जागचा हलत नाही. म्हणून वायरने चालणाऱ्या रिमोटच्या प्रमुख पद्धतींची माहिती येथे देत आहोत.

प्रोटोकॉल म्हणजे काय?

रिमोटच्या जोडणीत तीन गोष्टी असतात आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या आहेत. पहिली, पिनचा आकार. दुसरी, वायरीतून वीज कोणत्या रीतीने वाहते ती रीत. तिसरी, त्या विजेच्या संकेतांतून दिले जाणारे हुकूम. ही तिसरी गोष्ट म्हणजेच प्रोटोकॉल, म्हणजे रिमोट आणि कॅमेरा यांची आपसातील भाषा. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच कॅमेरा हुकूम मानतो. दुकानात मात्र आपल्याला फक्त पहिली गोष्ट डोळ्यांनी दिसते.

हाती धरण्याचे कॅमेरे

ट्रायपॉडच्या दांड्यावर किंवा क्रेनच्या टोकाशी रिमोट लावून झूम व रेकॉर्डिंग चालविण्यासाठी सोनी कंपनीने लँक ही पद्धत आणली. तिलाच कंट्रोल-एल असेही म्हणतात. कॅननच्याही अनेक कॅमेऱ्यांत ती आहे. हिची पिन बहुधा २.५ मिलिमीटरची, म्हणजे हेडफोनच्या नेहमीच्या ३.५ मिलिमीटर पिनपेक्षा बारीक असते. तिच्यावर तीन टप्पे असतात. एक हुकमासाठी, एक रिमोटला कॅमेऱ्यातून वीज मिळण्यासाठी आणि एक अर्थिंगसाठी.

लँकमध्ये बोलणे दोन्ही बाजूंनी चालते. वेग सेकंदाला ९६०० बिटचा असतो. पाल पद्धतीच्या कॅमेऱ्यात सेकंदाला ५० वेळा आठ बाइटचा एक गट वायरीवर येतो. त्यातील पहिले चार बाइट रिमोटचे हुकूम नेतात आणि उरलेले चार कॅमेऱ्याची स्थिती कळवितात. म्हणूनच काही रिमोटवर रेकॉर्डिंग सुरू असल्याचा लाल दिवा लागू शकतो. वेळ कॅमेरा ठरवितो, रिमोटला त्याच्या ठेक्यावर बोलावे लागते. शिवाय एकच हुकूम लागोपाठ काही वेळा आला तरच कॅमेरा तो खरा मानतो. झूमसाठी आत आणि बाहेर असे प्रत्येकी आठ वेग आहेत. चांगल्या रिमोटवर बोट हलके दाबले की झूम सावकाश सरकते, ते यामुळेच.

आता खरी अडचण पाहा. पॅनासोनिकच्या अनेक कॅमेऱ्यांवरही २.५ मिलिमीटरचेच सॉकेट असते. पण तेथे लँक चालत नाही. तेथे हुकूम आकड्यांतून जात नाहीत, विजेचा दाब कमी-जास्त करून जातात. त्यांच्या एजी-डीव्हीएक्स १०० सारख्या कॅमेऱ्यात २.५ मिलिमीटरचे सॉकेट झूम व रेकॉर्डिंगसाठी, तर ३.५ मिलिमीटरचे फोकस व आयरिससाठी आहे. लँकचा रिमोट येथे सहज आत बसतो, पण उपयोग काहीच होत नाही. पिन एक, भाषा दोन!

सभागृहातील फिरते कॅमेरे

भिंतीवर बसवून डावी-उजवीकडे, वर-खाली फिरविता येणाऱ्या पीटीझेड कॅमेऱ्यांत दोन भाषा सर्वांत जास्त आढळतात. एक सोनीची व्हिस्का आणि दुसरी अमेरिकेतील पेल्को कंपनीची पेल्को-डी. पहिली सभागृहात व वर्गखोल्यांत अधिक दिसते, दुसरी पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांत.

व्हिस्कामध्ये एकाच्या मागे एक असे सात कॅमेरे जोडता येतात. उदाहरणार्थ, पहिल्या कॅमेऱ्याला झूम आत घेण्याचा हुकूम ‘८१ ०१ ०४ ०७ ०२ एफएफ’ असा जातो. (हे आकडे सोळाच्या पायावरील मोजणीतले आहेत.) आरंभीचा ८१ म्हणजे पहिला कॅमेरा, ८२ म्हणजे दुसरा, आणि शेवटचा एफएफ म्हणजे वाक्य संपले. हुकूम पोचला की कॅमेरा तसे कळवितो आणि काम पुरे झाले की पुन्हा कळवितो. काहीच उत्तर आले नाही तर वायर, वेग किंवा क्रमांक यांत चूक आहे असे समजावे.

पेल्को-डीचा हुकूम नेहमी सात बाइटचा असतो. पहिल्या क्रमांकाचा कॅमेरा उजवीकडे फिरवायचा तर ‘एफएफ ०१ ०० ०२ २० ०० २३’ असा हुकूम जातो. येथे २० हा फिरण्याचा वेग आहे. शेवटचा २३ हा मधल्या पाच आकड्यांच्या बेरजेचा ताळा आहे. ताळा जमला नाही तर कॅमेरा हुकूम सोडून देतो. वाचकांनी एक गोष्ट पाहिलीच असेल. व्हिस्कामध्ये एफएफने वाक्य संपते, तर पेल्को-डीमध्ये त्यानेच सुरू होते. अशा दोन उपकरणांना एका वायरीने जोडून काय साधणार?

अंतर व वायर

व्हिस्का अनेकदा आरएस-२३२ जोडणीवर चालते. तिची मर्यादा साधारण १५ मीटर धरावी. मोठ्या हॉलमध्ये एवढी वायर पुरत नाही. आरएस-४२२ किंवा आरएस-४८५ जोडणीत एक संकेत दोन तारांतून जातो, त्यामुळे कमी वेगात १२०० मीटरपर्यंत मजल जाते. पेल्को-डी बहुधा आरएस-४८५ वरच चालते. या दोन तारांची अदलाबदल झाली तर कॅमेरा ऐकत नाही. लांब वायरीच्या टोकाला १२० ओहमचा रेझिस्टर लावावा. कॅमेऱ्याचा क्रमांक आणि वेग दोन्हीकडे सारखा ठेवावा. पेल्को-डीमध्ये २४०० आणि व्हिस्कामध्ये ९६०० हे नेहमीचे वेग होत.

नव्या कॅमेऱ्यांत चित्र, वीज आणि हुकूम या तिन्ही गोष्टी एकाच नेटवर्क केबलमधून जाऊ शकतात. तिची मर्यादा १०० मीटरची. व्हिस्काही आता नेटवर्कवर चालते. ॲक्सिस, बॉश व सोनी यांनी २००८ साली ऑनव्हिफ हा सामाईक संकेत सुरू केला, तो वेगवेगळ्या कंपन्यांचे नेटवर्क कॅमेरे एकत्र चालावेत म्हणूनच. तरीही केबल सारखी आहे म्हणून भाषा सारखी आहे, असे तेथेही मानू नये.

व्यवहाराची बाजू

कोटेशन देण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. कॅमेऱ्याचा नेमका मॉडेल क्रमांक कोणता? त्याच्या माहितीपुस्तिकेत कोणता प्रोटोकॉल दिला आहे? कंट्रोलर तोच प्रोटोकॉल बोलतो का? अंतर किती? पुढे आणखी कॅमेरे लावायचे आहेत का? उत्तरे कोटेशनवरच लिहून द्यावीत आणि शक्य असेल तेथे कॅमेरा व कंट्रोलर समोरासमोर जोडून पाहिल्यावरच पैसे द्यावेत किंवा घ्यावेत.

हे केवळ तांत्रिक काम नाही. मशिदीचा किंवा मदरशाचा पैसा हा लोकांच्या चंद्याचा पैसा असतो. न जुळणारा कंट्रोलर ‘पिन बसते’ एवढे सांगून गळ्यात मारणे हे ऐब लपवून माल विकण्यासारखेच आहे. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलेपणा उघड करणारे आणि ओले धान्य वर का ठेवले नाही असे विचारणारे प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. वायरीची भाषा हा आपल्या धंद्यातील राशीच्या आतला भाग आहे. गिऱ्हाइकाला तो दिसत नाही, म्हणून तो दाखविण्याची जबाबदारी आपली आहे. ती जो पार पाडील त्याच्याकडे पुढचे काम आपोआप येईल, इन्शाअल्लाह.