प्रभावळीवरचा राखणदार

दिवाळीआधी देव उजळायला काढले, की रायगड जिल्ह्यातल्या नावडे गावी आमच्या घरी चिंचेचा कोळ आणि मीठ थाळ्यात कालवलं जाई. देव लवकर लखलखत. वेळ खाई ती प्रभावळ. असेल वीतभर उंचीची पितळी कमान, पण तिच्या खाचाखोचांत वर्षभराचं तेल, काजळी आणि कुंकू बसलेलं. अगदी वर, मधोमध, डोळे बाहेर आलेलं, सुळे दाखवणारं एक तोंड होतं. त्याला खालचा जबडाच नव्हता. तिथे बोट न्यायला मी घाबरायचे. आजी म्हणायची, "राक्षस नाय गो तो, राखणदार हाय."

आजीचं बोलणं पुराणाला धरून होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्या तोंडाला कीर्तिमुख म्हणतात आणि त्याची गोष्ट स्कंदपुराणातल्या कार्तिकमाहात्म्यात आहे. जालंधर दैत्याने राहूला शंकराकडे धाडलं. निरोप असा, की पार्वती मला दे. शंकराच्या कोपातून सिंहाच्या तोंडाचा, हाडांचा सापळा झालेला एक जीव उपजला आणि राहूला गिळायला धावला. राहू शरण आला, शंकराने त्याला सोडायला लावलं. मग या भुकेल्याने खायचं काय? शंकर म्हणाले, स्वतःलाच खा. त्याने हात खाल्ले, पाय खाल्ले, धड खाल्लं. उरलं फक्त मस्तक. त्या आज्ञापालनाने शंकर प्रसन्न झाले आणि त्याला आपल्या दारावर कायमची जागा दिली. त्याची पूजा केल्याशिवाय माझी कृपा होणार नाही, असंही सांगितलं. हा जालंधर म्हणजे वृंदेचा नवरा, आणि वृंदेची तुळस झाली. दिवाळीनंतर आपण जे तुळशीचं लग्न लावतो, त्याच कथेतला हा राखणदार.

गोष्टीतला 'दारावर' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. प्रभावळीला आपण देवाचं तेजोवलय समजतो, आणि ते खरंच आहे. गांधार आणि मथुरेच्या बुद्धमूर्तींच्या डोक्यामागे गोल तबकडी आहे, ती तेजाचीच. पण आपल्या देव्हाऱ्यातली प्रभावळ गोल नसते. तिला दोन खांब असतात, वर कमान असते. ती दाराच्या चौकटीसारखी उभी असते.

हे मला उमगलं कार्ल्याला. आम्हा आगरी-कोळ्यांची कुलस्वामिनी एकवीरा. चैत्रात नावड्यातून माणसं तिच्या यात्रेला जातात. देवीच्या देवळाला लागूनच भारतातलं सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. त्याच्या दर्शनी भिंतीत घोड्याच्या नालासारखी भलीमोठी कमान आहे आणि आत सागवानी फासळ्या अजून टिकून आहेत. बाहेरचा उजेड त्या कमानीतून शिरतो आणि थेट आतल्या स्तूपाकडे जातो. एका वर्षी दर्शन घेऊन मी तिथे उभी राहिले आणि घरची प्रभावळ आठवली. तोच घाट! उजेड आत घेण्यासाठी खोदलेली ती कमान पुढे देवळांच्या शिखरांवर लहान लहान गवाक्षं होऊन बसली आणि त्यांच्या माथ्यावर कीर्तिमुख आलं. तीच ओळख धातूतही उतरली. देव्हाऱ्यात प्रभावळ मांडणं म्हणजे देवाला त्याच्या देवळाचं दार देणं, असं मी तेव्हापासून मानते.

कमानीच्या दोन्ही बुडांशी मकर असतात. मगरीसारखा जबडा, हत्तीसारखी सोंड, शेपटीच्या जागी पानांचा पिसारा. मकर हा पाण्याचा प्राणी, गंगेचं आणि वरुणाचं वाहन. त्याच्या तोंडातून वेल किंवा ज्वाळा निघते, वर चढत जाते आणि कीर्तिमुखाशी संपते. पाण्यातून उगवलेलं सगळं शेवटी त्या जबड्याकडे जातं आणि देव मात्र मध्ये स्वस्थ बसलेला असतो. नटराजाभोवती तर ज्वाळांचं पूर्ण कडंच असतं. त्याला तमिळमध्ये तिरुवाची म्हणतात. 2004 साली भारताने जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेला जो नटराज भेट दिला, त्याच्याही भोवती ते आहे.

विष्णूच्या प्रभावळीवर पुष्कळदा दशावतार असतात. देवाभोवती त्याची सारी मंडळी जमलेली. 'अमक्याच्या प्रभावळीतला माणूस' असं आपण मराठीत म्हणतो, ते इथूनच. रायगड जिल्ह्यातच पालीच्या बल्लाळेश्वरामागे चांदीची प्रभावळ आहे, तिच्यावर ऋद्धी-सिद्धी चवऱ्या ढाळत आहेत.

घडवण्याच्या रीती मुख्यतः दोन. मेणाचा नमुना करून त्यावर मातीचं लिंपण द्यायचं, तापवून मेण काढायचं आणि त्या पोकळीत पितळ ओतायचं. ही झाली ओतीव. दुसरीत पत्रा राळेवर बसवून मागून ठोकत नक्षी उठवायची. आपल्या देव्हाऱ्यातले कुळाचे टाक असतात, त्याच उठावाच्या जातीचं हे काम. ओतीव प्रभावळ हाताला जड लागते आणि तिची मागची बाजू खडबडीत असते.

नावडे आता भातशेतीचं गाव राहिलेलं नाही. सिडकोच्या वसाहतीत इमारती उठल्या, एका बाजूला तळोज्याचे कारखाने. फ्लॅटमधल्या देव्हाऱ्यात मूर्तीमागे विजेचं फिरणारं चक्र लावतात. त्याचा उजेड पडतो, पण त्याला मकर नाही, कीर्तिमुख नाही, म्हणून मला ते अपुरं वाटतं. नवं घर घेताना जुनं पितळ मोडीत जातं, किलोच्या भावाने. त्यात प्रभावळी जाताना मी पाहिल्या आहेत, आणि जीव तुटतो.

या दिवाळीत घरची प्रभावळ हातात घ्या, तिचा माथा चिंचेने स्वच्छ करा आणि ते तोंड मुलांना दाखवा. खालचा जबडा नसेल, तर तो झिजलेला नाही. त्याची गोष्ट त्यांना सांगा. आणि मोडीत मात्र तिला देऊ नका.