बांधावरची बाभूळ आणि तिच्या परक्या नावबहिणी

बाभळीवर बोलावयाचे ठरविले तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "वड-पिंपळ सोडून ही काटेरी बया कशाला?" वडाच्या सावलीत आम्ही वाढलो नाही, हे त्याचे खरे उत्तर. आमची आई रोजगार हमीच्या कामावर माती वाहावयास जाई. कामावर पाणी, सावली आणि लेकरांना आसरा मिळावा, असे नियम सांगत. प्रत्यक्षात सावली म्हणजे नाल्याकाठची एक बाभूळ. बाया आधी फांदीने काटे झाडून काढीत, मग धडुते अंथरून त्यावर लेकरू निजवीत. पुढे मजुरांची संघटना बांधू लागलो तेव्हा आमची पहिली मागणी मजुरीची नव्हती, सावलीची होती.

प्रथम ओळख नीट करून घेऊ, कारण आज बाभूळ म्हणून लोक भलतेच झाड दाखवितात. आपल्या बाभळीचे फूल म्हणजे पिवळा वाटोळा गोंडा असतो. तो एका फुलाचा नसून कितीतरी चिमुकल्या फुलांचा मिळून झालेला असतो. शेंग माळेसारखी, दोन बियांच्या मध्ये चिमटलेली. काटे पांढुरके आणि जोडीजोडीने येतात. ती पानाच्या बुडाशी असणाऱ्या उपपर्णांची बदललेली रूपे होत. रस्त्याकडेला, गायरानात, पडक्या वाड्यात माजलेली ती वेडी बाभूळ. तिचे फूल गोंड्यासारखे नसून लांबट तुऱ्यासारखे असते आणि शेंग पिवळट, सरळ. ती मूळची अमेरिका खंडातली; एकोणिसाव्या शतकात ती या देशात आणली गेली.

दोघींतला मोठा भेद कुऱ्हाडीखाली कळतो. वेडी बाभूळ तोडली की बुंध्यापासून दुप्पट जोमाने फुटते. आपली बाभूळ बुंध्यापासून फारशी फुटत नाही. तिला पुन्हा बियांतूनच यावे लागते. दोघींवर सारखीच कुऱ्हाड चालवीत गेलो तर मागे कोण उरेल, हे सांगावयास वनस्पतिशास्त्री नको.

आणखी एक नावबहीण आहे, ती युरोपात गाजली. फ्रान्सच्या राजांचे माळी झाँ रोबँ यांच्या नावावरून लिनियसने १७५३ साली उत्तर अमेरिकेतल्या एका झाडाला 'रोबिनिया स्यूडोअकेशिया' म्हटले. त्याचा अर्थ 'खोटी बाभूळ'. काटे जोडीने, लाकूड टणक आणि न कुजणारे, मुळांना नत्र धरणाऱ्या गाठी. पण फुले पांढरी, वाटाण्याच्या फुलासारखी, घोसाने लोंबणारी. हंगेरीत तिची मोठमोठी वने आहेत आणि तिथल्या मधाचा लौकिक तिच्याच फुलांवर उभा आहे. इंग्लंडातील मजुरांचा कैवार घेणारा पत्रकार विल्यम कॉबेट याने १८२०च्या दशकात तिची रोपे विकण्याचा धंदा केला, हे वाचून आम्हांस गंमत वाटली. आपल्या देशात ती काश्मीर-हिमाचलच्या थंडीत रुजली. परभणीच्या उन्हात तिचे काम नाही. गंमत पुढेच आहे. २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत 'अकेशिया' हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेले आणि आपली बाभूळ 'व्हाचेलिया निलोटिका' झाली. म्हणजे शास्त्राच्या दप्तरी आता खरी बाभूळही 'अकेशिया' राहिली नाही! बाभळगावच्या लोकांनी मात्र गावाचे नाव बदललेले नाही.

आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. नाजूक मुळांची झाडे तिथे तग धरीत नाहीत. बाभळीचे सोटमूळ खोल जाते. नदीकाठी महिनाभर पाणी साचले तरी ती मरत नाही, आणि पुढे सहा महिने पाणी मिळाले नाही तरी मरत नाही. बांधाशेजारच्या दोन तासांत ज्वारी खुरटते, ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. झाड नत्र देते, पण ओल आणि ऊन घेते. म्हणूनच जुने शेतकरी रामकाठी जातीची बाभूळ राखीत. ती खराट्यासारखी सरळ वर जाते, पिकावर पसरत नाही.

लाकडाविषयी बोलावे तितके थोडे. बाहेरचे पांढरे लाकूड किडते. आतला तांबूस-काळा गाभा वर्षानुवर्षे टिकतो. गाडीचा तुंबा, आरे, जू, वखराचे खोड, तिफणीचे दाते, नांगराचे रुमणे ही सारी बाभळीची. तोडलेला ओंडका सुतार काही महिने पाण्यात बुडवून ठेवीत, मगच त्याला हात लावीत. सालीत आणि शेंगांत टॅनिन असते. कातडे कमावण्याचा धंदा, अगदी कानपूरपर्यंत, या सालीवर चालला. पुढे लोखंडी अवजारे आणि रबरी टायर आले, ट्रॅक्टर आला. बैलाची मान सुटली हे चांगलेच झाले. पण सुताराचा नेट गेला, त्याबरोबर बाभूळ राखण्याचे कारणही गेले, आणि बांध नांगरले गेले.

डिंकाचे सांगावयाचे राहिले. लहानपणी आम्ही उन्हाळ्यात बाभळीच्या सालीवरचे डिंकाचे खडे वेचीत असू. दिवसभराचे वेचलेले एका व्यापाऱ्याकडे घेऊन गेलो; त्याने "ओला आहे" म्हणून निम्मे वजन कापले. तोच डिंक त्याने दुपारी बाळंतिणीच्या लाडवांसाठी कोरडा म्हणून विकताना आम्ही पाहिला. वजनकाट्याकडे पाहावयास आम्ही तिथे शिकलो. हमालांच्या तोलाईच्या भांडणात ते शिक्षण उपयोगी पडले.

ज्यांना बाभूळ लावावयाची असेल त्यांनी शेंगा उन्हाळ्यात गोळा कराव्यात. बीचे कवच फार कठीण. नुसते पेरले तर वर्षभरही पडून राहते. उकळते पाणी ओतून रात्रभर भिजवावे आणि मृगाच्या पावसावर जागेवरच टोकावे. सोपी रीत शेळीची. शेंगा तिला खाऊ घालाव्यात आणि कोंडवाड्यातले बी वेचून घ्यावे. तिच्या पोटातून आलेले बी लवकर उगवते. रोप हातभर झाले की मात्र तिलाच त्यापासून दूर बांधावे लागते.