लॉनमध्ये गवताऐवजी क्लोव्हर: माझे दोन सीझन

आजचा एपिसोड कोडचा नाही, अंगणाचा आहे. न्यू जर्सीत आमच्या भाड्याच्या घरामागे साधारण १,००० चौरस फुटांचं लॉन आहे. घरमालक म्हणाले, देखभाल तुमची, मग हवं ते लावा. मी पांढरं क्लोव्हर लावलं. (आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "एवढ्या लवंगांचं काय करणार?" लवंग नाही हो! हे तीन-तीन पानांचं, आपल्या बरसीम घासाच्या नात्यातलं.)

फायदा काय? त्याच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू असतात, ते हवेतला नायट्रोजन बांधतात. मी एक रोप उपटून गाठ नखाने फोडली, आत गुलाबी! म्हणजे काम चालू आहे. हरभऱ्याचा बेवड चांगला म्हणतात ना, तेच हे. नायट्रोजनचं खत लागत नाही, कापणीही कमी.

पूर्वी अमेरिकेत लॉनच्या बियाण्यात क्लोव्हर मुद्दाम मिसळायचे. मग १९४०च्या दशकात २,४-डी हे तणनाशक आलं. ते गवत सोडून रुंद पानांची झाडं मारतं, त्यात क्लोव्हरही गेलं. मग क्लोव्हरलाच तण ठरवून टाकलं! टेस्ट फेल होते म्हणून टेस्टच डिलीट करण्यातला प्रकार.

आणि हे माहीत असूनही मी काय केलं? पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये पेरलं, मस्त उगवलं, आणि मेमध्ये खत-तणनाशक एकत्र असलेलं पोतं आणून पसरलं. सगळं वाकडं होऊन वाळलं. पोत्यामागच्या यादीत क्लोव्हरचं नाव होतं. मी नंतर वाचलं.

दुसऱ्या वर्षी सव्वाशे ग्रॅम बी कोरड्या वाळूत मिसळून, माती दाताळ्याने ओरखडून वरवर टाकलं. बी मोहरीपेक्षा बारीक, खोल गेलं तर येत नाही. उगवेपर्यंत ओल सोडायची नाही. जुनं गवत मात्र पूर्ण काढलं नाही, कारण थंडीत क्लोव्हर झोपतं आणि नुसता चिखल उरतो.

जूनमध्ये बाबा आले. त्यांना अनवाणी फिरायची सवय, आणि फुलांवर मधमाश्या. पाय टम्म सुजला. बायको म्हणाली, उपटून टाक. शेवटी तोडगा निघाला: चालायच्या पट्ट्यात कळ्या दिसल्या की मशीन फिरवतो, कुंपणाजवळ फुलू देतो. घरात कुणाला माशीच्या डंखाची ॲलर्जी असेल तर या नादाला लागूच नका.

पुण्यात लावू का, असं विचारणाऱ्यांना: नको. याला थंड हवा लागते, एप्रिल-मेच्या उन्हात टिकवणं अवघड आहे.