रक्तशर्करेचा ऱ्हास, मधुमेहाची औषधे आणि हृदय

मधुमेहाला बोलीत नुसते ‘साखर’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्यामुळे रोग्याची साखर उतरली, हे वाक्य घरात शुभवार्तेसारखे ऐकले जाते. वस्तुतः रक्तशर्करा दर डेसिलिटरला 70 मिलिग्रॅमच्या खाली जाताच सावध व्हावे लागते. 54 च्या खालचा ऱ्हास गंभीर होय. त्यापासून मेंदूला होणारा अपाय सर्वपरिचित आहे. हृदयाला होणारा अपाय त्या मानाने दुर्लक्षित राहिला.

साखर घटली की शरीर ॲड्रिनॅलिन सोडते. घाम, कंप आणि छातीतील धडधड ही त्याचीच चिन्हे. परंतु हेच ॲड्रिनॅलिन, आणि इन्सुलिनही, रक्तातील पोटॅशियम पेशींत लोटते. पोटॅशियम घटल्याने प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाचे विद्युतदृष्ट्या पूर्वस्थितीस येणे लांबते. हृदयाच्या विद्युत्-आलेखात ‘क्यूटी’ हे अंतर वाढलेले दिसते. अशा वेळी ठोक्यांची लय बिघडण्याचा संभव असतो. झोपेत प्रकार निराळा. शेफील्ड येथील संशोधकांनी 2014 साली असे दाखविले की, इन्सुलिन घेणाऱ्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या रोग्यांत रात्री साखर घसरली असता ठोके मंदावतातही. टॅटर्सॉल व गिल यांनी 1991 साली ब्रिटनमधील ज्या तरुण मधुमेहींची नोंद केली, ते रात्री नीट झोपले आणि सकाळी अंथरुणात मृत आढळले. अंथरूण विस्कटलेलेही नव्हते. मृत्यूनंतर रक्तशर्करेचे मापन विश्वसनीय नसल्याने अशा घटनांचे कारण अनुमानानेच ठरवावे लागते.

गोळ्यांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. 1942 साली माँपेलिए येथे जाँबाँ हे विषमज्वराच्या रोग्यांना एक गंधकयुक्त औषध देत असता रोग्यांची साखर धोकादायक रीतीने घसरली. त्या अपघातातून सल्फोनिलयुरिया वर्गाच्या गोळ्यांचा मार्ग खुला झाला. स्वादुपिंडाच्या पेशींतील पोटॅशियमची विशिष्ट द्वारे त्या बंद करतात व इन्सुलिन स्रवविण्यास भाग पाडतात. पुढे 1983 साली नोमा यांनी तशीच द्वारे हृदयाच्या स्नायूत दाखविली. रक्तपुरवठा खुंटला की ती उघडतात आणि पेशीचे काही अंशी रक्षण करतात. ग्लायबेनक्लॅमाइड दोन्ही ठिकाणची द्वारे बंद करते; ग्लिक्लाझाइडचा रोख मुख्यतः स्वादुपिंडावर असतो. एका वर्गनामाखाली मोडणाऱ्या औषधांना एकाच मापाने मोजणे किती फसवे, याचा हा चांगला नमुना आहे.

टॉलब्युटामाइड घेणाऱ्यांत हृदयविकाराने अधिक मृत्यू झाल्याचे अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने 1970 साली सांगितले आणि वादळ उठले. ते पुरते शमलेले नाही. तथापि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅरोलिना’ चाचणीत ग्लिमेपिराइडने लिनाग्लिप्टिनच्या तुलनेत हृदयविकाराचे प्रमाण वाढविल्याचे दिसले नाही. साखर घसरण्याचे प्रसंग मात्र ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांत कितीतरी अधिक होते. ‘ॲकॉर्ड’ चाचणीतील साखर कठोरपणे उतरविण्याचा उपक्रम 2008 साली अधिक मृत्यूंमुळे थांबवावा लागला. त्या मृत्यूंना साखरेचा ऱ्हासच कारण होता, असे मात्र सिद्ध झाले नाही.

रोग्याच्या दृष्टीने आणखी एक अडचण आहे. रक्तदाबावर वा हृदयासाठी दिली जाणारी बीटा-रोधक औषधे धडधड दडपतात, म्हणजे धोक्याची घंटाच मंद करतात. घाम बहुधा दडपला जात नाही. म्हणून वृद्ध किंवा मूत्रपिंड दुर्बल झालेल्या रोग्याने जेवण चुकवून गोळी घेतली असेल आणि त्याला अकारण दरदरून घाम फुटला, तर धडधडीची वाट न पाहता साखर तपासावी, आणि तो शुद्धीवर असल्यास गोड पेय तत्काळ द्यावे. ग्लायबेनक्लॅमाइडसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या गोळीनंतर साखर पुन्हा उतरू शकते. तेव्हा एकदा बरे वाटले तरी त्या रात्री त्याला एकटे निजू देऊ नये.