पुंगळ्यांचे भांडार

अमेरिकेतील मेरिलँड राज्याने २००० साली केलेला एक कायदा २०१५ साली मागे घेतला. घटना जुनी झाली. पण त्याच देशात कॅलिफोर्निया राज्य निराळे साधन हाती घेऊन त्याच वाटेने निघाले असल्यामुळे तिचा विचार करणे अगत्याचे आहे.

पिस्तूल झाडले म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीवर त्या शस्त्राच्या खुणा उमटतात. त्यावरून मेरिलँडने असे ठरविले की, कारखानदाराने प्रत्येक नव्या पिस्तुलाबरोबर त्यातून झाडलेली एक पुंगळी मोहोरबंद करून पाठवावी, आणि परवानाधारक विक्रेत्याने विक्री होताच ती राज्य पोलिसांच्या प्रयोगशाळेकडे धाडावी. पुढे कोठे खून पडल्यास तेथील पुंगळी भांडारातील पुंगळ्यांशी ताडून पाहावी, म्हणजे खरेदीदार सापडेल! कल्पना मोठी लोभस होती. तीन लाखांहून अधिक पुंगळ्या जमल्या. केवळ त्यांच्या बळावर मात्र एकाही खुनाचा उलगडा झाला नाही. २००४ सालीच प्रयोगशाळेने ही योजना स्थगित करण्याची शिफारस केली होती. २००७ पासून तर पुंगळ्यांची छायाचित्रे घेणेही थांबले, तरी पुंगळ्या येतच राहिल्या. वह्या गोळा करावयाच्या आणि तपासावयाच्या मात्र नाहीत, अशा मास्तरांची येथे आठवण होते.

असे का व्हावे? साठा वाढेल तसतशा सारख्या दिसणाऱ्या खुणाही वाढतात व यंत्राचा गोंधळ उडतो. काडतुसाची जात बदलली की खुणाही बदलतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००८ साली अशा देशव्यापी भांडाराविरुद्ध मत दिले, ते याच कारणांनी. रिव्हॉल्व्हर तर पुंगळी बाहेर टाकीतच नाही. २००२ च्या ऑक्टोबरात मेरिलँड, व्हर्जिनिया व राजधानी वॉशिंग्टन या टापूत दबा धरून १० जणांचे प्राण घेतले गेले ते रायफलने, आणि कायदा होता केवळ हातातील लहान शस्त्रांपुरता. शिवाय भांडाराला ठाऊक असतो तो पहिला ग्राहक. चोरीस गेलेले पिस्तूल आपला नवा धनी सांगत नाही.

यावरून शस्त्रांचा माग ठेवणेच व्यर्थ, असा निष्कर्ष शस्त्रप्रेमी मंडळी काढतात. तो आम्हांस मान्य नाही. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या पुंगळ्या एकमेकींशी ताडून दोन गुन्ह्यांत एकच शस्त्र वापरले गेल्याचे अमेरिकी पोलीस आजही हुडकून काढतात. तेथे साठा लहान व प्रश्न नेमका असतो.

कॅलिफोर्नियाच्या २००७ च्या कायद्याने पुंगळीवर पिस्तुलाचा क्रमांकच उमटावा अशी अट घातली. ती २०१३ साली अमलात आली, तेव्हा कारखानदारांनी अशी पिस्तुले बाजारात आणण्याचेच टाळले. म्हणून २०२३ च्या कायद्याने २०२८ पासून हा भार विक्रेत्यांवर टाकण्याची तरतूद केली. त्या राज्यात खासगी विक्रीही सामान्यतः परवानाधारक विक्रेत्यामार्फतच व्हावी लागते. त्यामुळे दुसऱ्या, तिसऱ्या खरेदीदाराचे नावही नोंदीत येऊ शकते. मेरिलँडच्या पुंगळीपाशी तेवढे सामर्थ्य नव्हते. मात्र आधीच विकल्या गेलेल्या असंख्य पिस्तुलांवर हा क्रमांक नाही, आणि ती अनेक वर्षे चालण्याजोगी आहेत.